गोळ्या मोजता, तसा विषाणूही तपासा

प्रति,
मा. महासंचालक, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नाको), नवी दिल्ली
मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई

सविनय नमस्कार.

मी २००७ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. आधी बरीच वर्षं फक्त पेशंट होते. आता ज्यांचं औषध सुटलं त्यांना गावोगाव शोधून परत सेंटरवर आणायचं काम करते. मागणी पत्राच्या शेवटी लिहायची रीत आहे, पण आपल्या टेबलावर रोज किती कागद येत असतील याची कल्पना आहे, म्हणून आधीच सांगते. ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, डोल्युटेग्राविरवर (आज सर्वांना देतात ते मुख्य औषध) किंवा दुसऱ्या लाइनच्या औषधांवर (पहिली निकामी झाल्यावर देतात ती) असूनही खाली येत नाही, त्यांची औषधं बदलण्याआधी त्यांच्या विषाणूची ड्रग रेझिस्टन्स टेस्ट, म्हणजे तो कुठल्या औषधाला दाद देत नाही ते बघणारी तपासणी, सरकारी खर्चाने आणि ठरलेल्या मुदतीत व्हावी. आज ती सरसकट मिळत नाही. मिळते ती कुणा डॉक्टरने जीव तोडून खटपट केली तर, किंवा खिशात कित्येक हजार रुपये असतील तर.

आमच्याकडे गोळ्या कशा मोजतात ते आपण पाहिलं असेलच, तरी लिहिते. काउन्सिलरच्या टेबलावर जुना पेपर पसरलेला असतो. पेशंट डबी उपडी करतो. काउन्सिलर पेनाच्या टोपणाने दोन-दोन गोळ्या बाजूला सारत मोजते. तीस गोळ्यांची डबी, अठ्ठावीस दिवस झाले, म्हणजे दोन उरायला हव्यात. दोनच उरल्या तर शाबासकी, सात उरल्या तर बोलणी. मग पेशंटच्या हिरव्या पुस्तकात घेतलेल्या गोळ्यांची टक्केवारी चढते. ९५ च्या वर असली की पास. कितीतरी बायकांच्या डबीत कापूस कोंबलेला असतो, एसटीत पिशवीतून गोळ्यांचा आवाज येऊ नये म्हणून. लेबल नखाने खरवडून काढलेलं असतं. टोपण उघडलं की कापूस आधी बाहेर येतो आणि बाई इकडेतिकडे बघते.

ही मोजणी चूक आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः शेकडो वेळा ती केली आहे आणि तिच्यामुळे लोक वेळेवर गोळ्या घ्यायला शिकले आहेत. पण तिच्यातून एवढंच कळतं की गोळी डबीतून गेली. ती पोटात गेली का, पोटातली रक्तात पुरेशी उतरली का, आणि रक्तात उतरलेली विषाणूला लागू पडली का, यातलं काहीही डबी सांगत नाही. तरी माणूस खरं बोलतो की खोटं, हे आपण डबीवरून ठरवतो.

बीड जिल्ह्यातली एक ताई आहे, चाळिशीच्या आतली. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडायला टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात जायचं, मार्च-एप्रिलला परत. अनेक वर्षं ती एफाव्हिरेंझ हे जुनं औषध असलेली गोळी घेत होती. नंतर सगळ्यांची बदलली तशी तिचीही टीएलडी, म्हणजे डोल्युटेग्राविर असलेली गोळी, झाली. दोन वर्षांपूर्वी फडावर असताना खोकला धरला, वजन उतरलं. कारखान्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात टीबीची औषधं सुरू झाली. तिथे तिने एचआयव्हीचं सांगितलं नाही, कारण टोळीतली दुसरी बाई सोबत होती आणि रात्री कोप्यांमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. डॉक्टरांनीही विचारलं नाही.

टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन यकृताला डोल्युटेग्राविर भराभर मोडायला लावतं. म्हणून टीबीचा इलाज चालू असताना बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते. ती तिला कोणी दिली नाही, कारण देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि माहीत असणारा तिथे नव्हता. सहा महिने ती न चुकता एकच गोळी घेत राहिली. पहाटे चारला फडावर जायच्या आधी, चुलीपुढे बसून.

गावी परतल्यावर व्हायरल लोड केला. ४८ हजार. गोळ्या मोजल्या, हिशेब चोख. काउन्सिलर म्हणाली, "ताई, खरं सांगा, आम्ही रागावणार नाही." तीन महिने समुपदेशन झालं. पुन्हा तपासणी, ६१ हजार. पुन्हा तेच, "खरं सांगा." तेव्हा ती मला म्हणाली, "आता सोडतेच गोळ्या. खाऊनही खोटी ठरते, तर न खाऊन ठरू दे." मी तिच्या हातापाया पडले. कारण ड्रग रेझिस्टन्स टेस्ट गोळ्या चालू असतानाच करावी लागते. औषधाचा दाब गेला की मूळचा, न बदललेला विषाणू पुन्हा वर येतो. बदललेला शरीरात कुठेतरी दडून बसतो, पण चाचणीत दिसत नाही. आम्ही वर्गणी काढली, डॉक्टरांनी ओळखीपाळखीने खासगी लॅबला सॅम्पल पाठवलं. नऊ आठवड्यांनी कागद आला.

त्या कागदावर अक्षरं आणि आकडे होते: के-१०३-एन, एम-१८४-व्ही, आर-२६३-के. तिने विचारलं, "हे माझ्या अंगातल्या किड्याचं नाव का?" मी जमेल तसं सांगितलं. विषाणूच्या माळेतला एकशेतीन नंबरचा मणी बदलला की एफाव्हिरेंझ लागू पडत नाही, १८४ नंबरचा बदलला की टीएलडीतलंच दुसरं औषध लॅमिव्हुडिन, आणि तिसरा डोल्युटेग्राविरला नडतो. ती गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते, हे यात लिहिलंय का?"

मी हो म्हटलं. तिने कागदाची चौघडी घातली आणि आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.

हा प्रकार शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. ज्या बियाण्यात अळीला मारणारं विष होतं, त्याच बियाण्यावरची अळी विषाला दाद देईना. एचआयव्हीचं असंच होतं, फक्त कितीतरी पट वेगाने. औषध नसलेल्या शरीरात हा विषाणू दिवसाला अब्जावधी नव्या प्रती काढतो आणि प्रत काढताना चुका करतो. बहुतेक चुका त्यालाच मारक ठरतात. पण औषधाची मात्रा अर्धवट पडली, तर तेवढ्या औषधात तग धरणारी प्रत टिकते आणि तिचंच पीक येतं. मात्रा अर्धवट पडायला माणसाचा आळस लागत नाही. सेंटरवर साठा संपला तरी पडते. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आमचे भाऊबंद औषधं मिळावीत म्हणून दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर चाळीसहून अधिक दिवस बसले होते, ते आपण पाहिलं आहे.

या कार्यक्रमाने आम्हाला जगवलं, हे मी विसरलेले नाही. १ एप्रिल २००४ ला मोफत एआरटी सुरू झाली, पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. २००८ मध्ये दुसरी लाइन आली, तीही जे. जे. आणि चेन्नईच्या तांबरममध्येच आधी. २०१६ ला तिसरी लाइन, २०१७ ला सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो औषध सुरू करायचा निर्णय, २०१८ ला सर्वांसाठी व्हायरल लोड, मग डोल्युटेग्राविर. माझी सुरुवात स्टॅव्हुडिनने झाली होती. त्याने माझे गाल बसले, तळपाय रात्रभर जळत. आज रात्री एक गोळी घेते आणि झोपते. यातली प्रत्येक पायरी आधी "आपल्यासारख्या गरीब देशाला परवडणार नाही" या यादीत होती.

डोल्युटेग्राविर दणकट औषध आहे. त्याच्यासमोर विषाणू सहजासहजी बदलत नाही, म्हणूनच ते सर्वांना दिलं आणि ते योग्यच झालं. पण जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये जो अहवाल काढला, त्यात पाहणी झालेल्या देशांत डोल्युटेग्राविरला दाद न देणाऱ्या विषाणूचं प्रमाण ३.९ ते ८.६ टक्के निघालं. आणि ज्यांचा व्हायरल लोड आधीच वाढलेला असताना त्यांना या औषधावर आणलं गेलं, त्यांच्यात ते १९.६ टक्क्यांपर्यंत गेलं. हे आकडे आपल्या तज्ज्ञांनी माझ्या आधी वाचले असणार. मला त्यात आमची ताई दिसते.

प्रत्येकाची, प्रत्येक वेळी ही टेस्ट करा असं मी म्हणत नाही. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत पहिल्या लाइनवर फेल झालेल्या ८४० जणांवर अभ्यास झाला. अर्ध्यांची रेझिस्टन्स टेस्ट केली, अर्ध्यांची नाही. नऊ महिन्यांनी व्हायरल लोड दबलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. हा अभ्यास आमच्या तोंडावर फेकला जाईल हे मला माहीत आहे, म्हणून मीच सांगून टाकते. पण तो पहिल्या लाइनचा होता, त्या काळातल्या गोळ्यांचा. तिथे पुढची लाइन ठरलेली होती आणि ती जवळजवळ सगळ्यांना लागू पडणारी होती. ज्याच्यापुढे आता शेवटचीच लाइन उरली आहे, त्याच्या बाबतीत अंदाजाने चालून कसं भागेल? दक्षिण आफ्रिकेच्याच सरकारी कार्यक्रमात तिसरी लाइन देण्याआधी जीनोटाइपचा, म्हणजे याच टेस्टचा, अहवाल मागतात.

आणि टेस्ट नेहमी पेशंटच्याच बाजूने बोलते असंही नाही. आमच्याकडे एक मुलगा आहे, जन्मापासून बाधित, आईबाप गेलेले. आजी त्याला घेऊन यायची, खंडोबाची शपथ घेऊन सांगायची की मी माझ्या हाताने देते. मुलगा दुसऱ्या लाइनवर, लोड लाखाच्या वर. सगळ्यांनी धरून चाललं की आता तिसरी लाइन. टेस्ट झाली तर दुसऱ्या लाइनच्या मुख्य औषधाला विषाणूने काहीच विरोध उभा केलेला नव्हता. तेव्हा त्याला एकट्याला घेऊन बसले. तो रडला. कॉलेजच्या हॉस्टेलवर आल्यापासून तो गोळ्या बाथरूममध्ये टाकत होता, रूममेटने विचारू नये म्हणून. त्याची औषधं बदलायची गरजच नव्हती. त्याला गोळ्या ठेवायला जागा आणि विश्वासाचं एक माणूस हवं होतं. तेवढं झालं आणि पाच महिन्यांत लोड सापडेनासा झाला, जुन्याच औषधांवर.

पैशाचं म्हणाल तर हिशेब असा आहे. टीएलडी जगाच्या बाजारात एका माणसामागे वर्षाला ४५ डॉलरच्या आत मिळते आणि ती बनवणारे बहुतेक कारखाने आपल्याच देशातले आहेत. त्यामुळे औषधापेक्षा तपासणी महाग, मग ती कशाला, असं कागदावर वाटतं. पण तुलना टीएलडीशी करू नये. ती पुढच्या लाइनच्या डारुनाविर या औषधाशी करावी, जे कितीतरी महाग आहे आणि जन्मभर द्यायचं आहे. टेस्ट एकदाच करायची असते. त्या मुलासारख्या थोड्या जणांची लाइन विनाकारण बदलायची वाचली, तरी इतरांच्या टेस्टचा बराच खर्च त्यातून निघेल. आणि ज्याच्या विषाणूने खरोखर विरोध उभा केला आहे, त्याला महिनोन् महिने निकामी औषधावर ठेवण्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहिता? त्या काळात विषाणू आणखी बदलतो, उरलेली औषधंही हातची जातात, आणि तोच विषाणू त्याच्या जोडीदाराकडे जातो.

यंत्रं नाहीत हे कारण आता पटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये देशाने कोरोनाच्या जनुकीय तपासणीसाठी प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं. पुण्यातल्या संस्था त्यात पहिल्या फळीत होत्या. कोरोनाच्या विषाणूची सगळी जनुकीय अक्षरं तीस हजारांच्या घरात. एचआयव्हीची दहा हजारांच्या आत, आणि औषधांना होणारा विरोध कळायला त्यातली तीन हजारांच्या आसपासच वाचावी लागतात. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, तिचं नाव आता बदललं आहे, हेच काम वर्षानुवर्षं करत आली आहे. ज्ञान आपल्या दारात आहे. वानवा आहे ती तालुक्यातून तिथपर्यंत सॅम्पल नेण्याची आणि तिथून कागद परत आणण्याची.

तीही वाट आपण एकदा काढलेली आहे. दीड महिन्याच्या बाळांचं निदान करायला टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन, सुकवून, पाकिटातून पाठवतात. रेझिस्टन्स टेस्टसाठीही सुकलेल्या थेंबांचा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला आहे. व्हायरल लोडची सॅम्पलं बर्फाच्या पेटीतून जातातच, त्याच गाडीतून ही गेली तरी चालेल. पेशंटला मुंबई-पुण्याला बोलावू नका. ज्या बाईने एक दिवस खाडा केला तर मुकादम पैसे कापतो, ती येणार नाही, आणि आपण लिहिणार, "पेशंटने सहकार्य केले नाही."

टीबीकडे पाहा. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईत कुठल्याच औषधाला दाद न देणारा टीबी आढळल्याचं डॉक्टरांनी जाहीर केलं आणि देशभर खळबळ उडाली. आज टीबीच्या पेशंटला रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही ते तालुक्याच्या ठिकाणी काही तासांत कळतं, इलाज सुरू होतानाच. त्यासाठीचं ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे. एचआयव्हीची तपासणी इतकी सोपी नाही, एका जागेवर बोट ठेवून भागत नाही, हे मला डॉक्टरांनी समजावलं आहे. मान्य. पण टीबीच्या पेशंटला आपण आधी विचारत नाही की गोळ्या खातोस की नाही, खरं सांग. आधी जंतूला विचारतो.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ मध्ये निदानाच्या सोयी, एआरटी आणि संधिसाधू आजारांवरचे उपचार पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण त्यात "शक्य असेल तितपत" असे शब्द आहेत. हे शब्द काढा म्हणून तेव्हा आमच्या लोकांनी खूप आरडाओरडा केला होता. ते राहिले ते राहिले. माझं म्हणणं एवढंच की ही टेस्ट आता शक्यतेच्या आत आली आहे.

तेव्हा नेमकं काय हवं ते लिहिते. डोल्युटेग्राविर किंवा दुसरी लाइन चालू असताना, समुपदेशनानंतरही दुसऱ्यांदा व्हायरल लोड १००० च्या वर आला, की त्याच दिवशी रेझिस्टन्सचं सॅम्पल घ्यावं, वेगळी परवानगी मागत बसायला लागू नये. त्यात इंटिग्रेझचा, म्हणजे विषाणूतल्या ज्या प्रथिनावर डोल्युटेग्राविर काम करतं त्याचा, भाग तपासलेला असावा. तो नसेल तर डोल्युटेग्राविरबद्दल काहीच कळत नाही, आणि असे अर्धे अहवाल मी पाहिले आहेत. कागद चार आठवड्यांत केंद्रावर यावा, आणि तज्ज्ञ समितीने औषधं ठरवताना तो समोर ठेवावा. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना आधी नंबर द्यावा, त्यांच्याकडे थांबायला वेळ नसतो. अहवालाचा अर्थ पेशंटला मराठीत सांगावा. आणि देशभरातून येणारे हे निकाल, नावं काढून, दरवर्षी जाहीर करावेत, म्हणजे कुठल्या जिल्ह्यात कुठलं औषध निकामी होत चाललं आहे ते सगळ्यांना दिसेल. २०२३ च्या अंदाजानुसार देशात पंचवीस लाखांच्या वर लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात आहेत, चार लाखांच्या जवळपास. सुरुवात इथून व्हायला हरकत काय?

एक विनंती याला पैसे लागत नाहीत म्हणून वेगळी करते. काउन्सिलरच्या प्रशिक्षणात "खरं सांगा" हा पहिला प्रश्न नसावा. "टीबीची, रक्तवाढीची, पित्ताची, दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" हा असावा. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी डोल्युटेग्राविरबरोबर घेतली तरी औषध अंगी लागत नाही, आणि अंगणवाडीतून मिळालेली लाल गोळी औषध म्हणून कोणी मोजतच नाही. या प्रश्नाने आमची ताई वाचली असती.

ती आता डारुनाविरवर आहे. दिवसातून दोनदा गोळ्या, कोपीत लपवायला दुप्पट अवघड. दसरा झाला की ती पुन्हा टोळीबरोबर निघेल. जायच्या आधी तिचा व्हायरल लोड करायचा आहे, तारीख हिरव्या पुस्तकात लिहिलेली आहे. तो वाढलेला निघाला तर पुन्हा टेस्ट लागेल, आणि या वेळी वर्गणी मागायला आमच्याकडे कोणी उरलेलं नाही. त्याच्या आधी आपलं उत्तर यावं.

माझं नाव लिहीत नाही. दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत.

आपली,
२००७ पासून एआरटीवर असलेली एक कार्यकर्ती